चौविहाराची गाडी आणि चारही चाकांची ओढ

धायरीहून तीर्थयात्रेस निघणाऱ्या कुटुंबाला कॅम्परव्हॅन भावते ती मुख्यतः तिच्यातील स्वयंपाकघरामुळे. सूर्यास्तापूर्वी, जेथे असू तेथे, घरचा आहार आणि उकळलेले पाणी मिळते. चौविहार करणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे सुख थोडे नाही. मात्र या सोयीला वजन असते. शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो. वर ओटा, शेगडी, गाद्या. मांगीतुंगीच्या पायथ्याशी ओल्या मातीत अशी गाडी रात्रभर उभी राहिली, तर सकाळी मागची चाके जागीच फिरतात आणि पुढची नुसते ओझे वाहतात. फोर व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत ही रचना आहे.

किंमत व इंधन दोन्ही अधिक लागते, हा हिशेब व्यापाऱ्याने आधीच मांडावा. शिवाय सिंहगडाच्या घाटात उतरताना तिचा भरवसा धरू नये. ब्रेक प्रत्येक मोटारीत चारही चाकांनाच लागतात. चातुर्मासात साधुसाध्वी जीवरक्षेसाठी विहार थांबवतात. त्या दिवसांत हिरवळीवर गाडी घालण्याचे सामर्थ्य असूनही आपण डांबरावरच थांबावे, असे मला वाटते. गरजेपुरती जोडावयाची रचना असल्यास कोरड्या डांबरावर ती बंद ठेवावी. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत आणि सारा ताण गिअरवर येतो.