ट्रॅक्टरची पेटी : लहान वस्तू, मोठा खोळंबा



पेरणीच्या दिवसांत वाफसा कोणासाठी थांबत नाही. पाऊस झाला, जमीन पायाला चिकटेनाशी झाली, की थोड्या दिवसांत पेरणी उरकावी लागते. नेमका अशा वेळी ट्रॅक्टर बांधावर उभा राहतो. इंजिन पुष्कळदा ठणठणीत असते. हरवलेली असते ती एखादी कडीवाली लॉक पिन, एखादा फ्यूज किंवा १६-१७ चा पाना. मुलगा मोटारसायकलवर तालुक्याला पळतो आणि दुपारी तीच वस्तू पेटीच्या तळाशी तेलकट चिंधीत सापडते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय!

खोळंबा परवडला, पण त्याच्यापुढची गोष्ट परवडत नाही. वस्तू सापडली नाही म्हणून माणूस काही हातावर हात ठेवून बसत नाही. हाताला येईल ते लावून तो काम पुढे रेटतो. लॉक पिनेच्या जागी खिळा, फ्यूजच्या जागी तांब्याची तार! अपघाताचे मूळ इथे असते. म्हणून पेटी लावणे ही नुसती टापटीप नव्हे, ती घरच्या माणसांच्या जिवाची काळजी आहे.

हे कसे ते पाहा. ट्रॉली जोडण्याच्या पिनेला खालून लॉक नसेल, तर खड्ड्यात आदळून ती पिन वर उसळते आणि भरलेली ट्रॉली चढावर सुटते. पी.टी.ओ.चा दांडा साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यावर पिनेऐवजी ठोकलेला खिळा बाहेर डोकावत असेल, तर धोतराचा सोगा किंवा ओढणीचे टोक त्यात अडकायला क्षण पुरतो. माणसाला हात मागे घ्यायलाही सवड मिळत नाही. फ्यूज तर मुद्दामच कच्चा ठेवलेला दुवा आहे. प्रवाह वाढला की त्याने वितळावे आणि बाकीची वायर वाचवावी, हे त्याचे काम. तिथे जाड तार घातली, तर फ्यूज वाचतो आणि वायर जळते.

आता पेटी कशी लावायची ते सांगतो. खर्च थोडा आहे, एक संध्याकाळ मात्र द्यावी लागेल.

पेटी गोणपाटावर पूर्ण रिकामी करा. तीन ढीग घाला : रोज लागणारे, हंगामाला लागणारे आणि भंगार. झिजलेले बोल्ट आणि वाकलेल्या स्प्लिट पिना भंगारातच टाका. एकदा वाकवून काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये, ती मोडते.

आपल्या घरातला मिसळणाचा डबा आठवा. मोहरी, हळद, तिखट, प्रत्येकाला आपली वाटी. स्वयंपाक करणारीला बघावेही लागत नाही, हात बरोबर जातो. लहान सुट्या भागांना असाच कप्प्यांचा, घट्ट झाकणाचा डबा हवा. एका कप्प्यात लॉक पिना, दुसऱ्यात स्प्लिट पिना, तिसऱ्यात नट आणि वायसर, चौथ्यात फ्यूज आणि दिव्याचे बल्ब. मुलांकडून सुवाच्य चिठ्ठ्या लिहून आत चिकटवा.

पिना घेताना जाडी मोजा. तीन-बिंदू जोडणीच्या पहिल्या श्रेणीत खालच्या दांड्यांसाठी पिना २२ मिलिमीटरच्या असतात आणि दुसऱ्या श्रेणीत २८ मिलिमीटरच्या. बारीक पिन मोठ्या छिद्रात घातली की ती खडखडते आणि छिद्रही झिजते. दोन्ही प्रकारची अवजारे असतील, तर पिनांच्या डोक्यांना वेगवेगळे रंग द्या.

पान्यांसाठी जाड कापडाची, खणाखणाची गुंडाळी शिवून घ्या. घरात शिलाई मशीन असेल तर तासाभराचे काम. एक खण रिकामा दिसला की कोणता पाना शेतात राहिला ते तिथल्या तिथे कळते. पेटीच्या तळाशी जुन्या ट्यूबचे रबर अंथरा, म्हणजे आदळआपट होणार नाही. बॅटरीजवळ मात्र पाने मोकळे ठेवू नका. एक पाना दोन्ही टोकांवर आडवा पडला, तर ठिणग्या उडून भडका होऊ शकतो. बॅटरीचे काम करताना आधी ऋण बाजूची वायर सोडा आणि जोडताना ती शेवटी जोडा. (ट्रॅक्टरची ऋण बाजू सांगाड्याला जोडलेली असते, त्यांच्यासाठी हे.)

वायरींची गत सर्वांत वाईट असते. ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांची वायर कोपराभोवती करकचून गुंडाळू नका. आतल्या तारा पिळवटून तुटतात. सैल, मोठी वेटोळी घाला. बांधायला लोखंडी तार नको, ती वरचे आवरण कापते. जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या कापून घ्या, त्या उत्तम. गाडीवरच्या वायरी सायलेन्सर आणि फिरत्या भागांपासून दूर बांधा. वायर सोडण्यापूर्वी दोन्ही टोकांना दोऱ्याच्या खुणा करा : डाव्या इंडिकेटरला एक गाठ, उजव्याला दोन, ब्रेकच्या दिव्याला तीन. मग जोडताना चूक होत नाही. रात्री ऊस भरलेल्या ट्रॉलीचे मागचे दिवे बंद असले, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसत नाही. तो कुणाचा तरी मुलगा असतो, हे विसरू नका.

पेटीत एक छोटी वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. तिच्यात ट्रॅक्टरचे मॉडेल, फ्यूजचे अँपिअर आणि नेहमी लागणाऱ्या भागांचे नंबर लिहा. एखादा भाग वापरला की लगेच नोंद करा आणि पुढच्या बाजारच्या दिवशी तो आणून जागेवर ठेवा. मोडलेला भाग लगेच फेकू नका. दुकानात नमुना दाखवला की चुकीचा माल गळ्यात पडत नाही.

शेवटी एकच नेम सांगतो. संध्याकाळी ट्रॅक्टर गोठ्याशी लागला की चावी काढण्याआधी खण आणि कप्पे मोजा. दोन मिनिटांचे काम आहे. चालक पगारी असो की घरचा मुलगा, नेम सर्वांना सारखाच असावा. जनावरे दावणीला आली की आपण मोजतोच ना? तसेच हे.

येत्या हंगामाआधी एक संध्याकाळ काढा आणि पेटी उपसा. मग वाफसा आला की तुमचा ट्रॅक्टर तयार असेल, आणि खिळा लावायची वेळ येणार नाही.