वेळासचीं कासवें आणि तीं पाहणारे पाहुणे

निसर्गरम्य स्थळें पाहावयास जाणारे पुष्कळ. परंतु जें पाहिलें तें समजून घेऊन परतणारे थोडे. पाहुण्यास स्थळाची ओळख केव्हां व कशी करून द्यावी, याची आंखणी बहुधा कोणी करीत नाहीं. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत मंडणगड तालुक्यांतील वेळास गांवीं ती केलेली आढळते. म्हणून तेथील हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

नाना फडणविसांचें गांव म्हणून वेळास विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. तेथील वाळूंत हिवाळ्यांत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्रीं येऊन अंडीं घालतात. एकेका घरट्यांत शंभराच्या आसपास. पूर्वीं तीं माणसें काढून नेत. उरलीं तर कोल्हे-कुत्रे उकरीत. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनें ग्रामस्थांच्या साह्यानें संरक्षण आरंभिलें, आणि २००६ पासून कासव-महोत्सव भरूं लागला.

अंडीं कुंपणाच्या आंत पुन्हां पुरतात व त्या जागीं टोपली पालथी घालतात. सुमारें ५० दिवसांनीं पिलें वर येतात. सकाळीं व सायंकाळीं टोपली उचलून पाहतात, तेव्हां पाहुणे दोरीमागें उभे असतात. पुष्कळदां खालीं एकही पिलूं नसतें! मुंबई-पुण्याहून आलेला गृहस्थ मग हिरमुसतो. पण वाळू गार असली कीं दिवस वाढतात, आणि नर कीं मादी हेंही वाळूच्या उबेवरच ठरतें, हें त्यास आदल्या रात्रीं सांगितलेलें असेल, तर रिकामी टोपलीही त्यास बोलकी वाटते.

पिलें सरळ पाण्यांत कां सोडीत नाहींत, असें मुलें हटकून विचारतात. त्या चार पावलांच्या चालींतच जन्मस्थानाची खूण त्यांच्या ठायीं ठसत असावी, असें प्राणिशास्त्रज्ञ मानतात. रात्रीं समुद्राकडील क्षितिज अधिक उजळ असतें व पिलूं तिकडे वळतें. विजेरी लावली कीं तें भलतीकडे जातें. 'दिवा लावूं नये' एवढीच पाटी आम्हांस पुरेशी वाटत नाहीं; कारण कळलें म्हणजे लोक आपण होऊन दिवा मालवितात.

पाहुणे ग्रामस्थांच्याच घरीं उतरतात. त्यामुळें चार पैसे गांवांत राहतात, आणि रात्रीं जेवणाच्या पंक्तीस यजमानच माहिती सांगतो. तो ज्ञाता आम्हांस कोणत्याही छापील पुस्तिकेपेक्षां अधिक मोलाचा वाटतो.

पिलूं लाटेआड गेल्यावरही सांगण्याजोगें पुष्कळ उरतें. जानेवारी २०२२ मध्यें येथील एका मादीच्या पाठीवर उपग्रहास ठावठिकाणा कळविणारें यंत्र बसविलें व तिचें नांव 'प्रथमा' ठेविलें.

सहल नेणाऱ्या शिक्षकांनीं मात्र एक रात्र तेथें मुक्काम अवश्य करावा; म्हणजे सायंकाळ व सकाळ अशा दोन्ही वेळा साधतील.