विश्लेषण : लिटरभर तेल, हेक्टरभर तवंग

थळच्या किनाऱ्यावर होडीच्या इंजिनातून थोडेसे डिझेल गळले, तरी पाण्यावर रंगीत तवंग उमटतो. तेच तेल चिखलावर सांडले तर निराळे वागते. मासेमारी आणि तिवरांच्या किनाऱ्यासाठी हा फरक किरकोळ नाही.

तेल पाण्यावर का पसरते?

पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. ही ओढ म्हणजे पृष्ठताण. डिझेलचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असल्याने पाणी तेलाची कड बाहेर खेचत राहते. एक लिटर तेल एक हेक्टरवर पसरले, तर थराची जाडी ०.१ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या काहीशेव्या भागाएवढी! असा तवंग रुपेरी दिसतो. इंद्रधनुषी रंग त्याहून थोड्या जाड थरात उमटतात. रंग डोळ्यांत भरतात, पण खरी धास्ती काळपट, दाट पट्ट्याची.

मऊ पृष्ठभागावर काय होते?

काचेवरचा थेंब कडेपाशी काचेला ओढतो, पण काच हलत नाही. जेलीसारखा मऊ पृष्ठभाग मात्र त्या ओढीने किंचित उचलला जातो आणि थेंबाभोवती सूक्ष्म वरंबा तयार होतो. पुढे सरकताना थेंबाला हा वरंबाही सोबत न्यावा लागतो. त्यात ऊर्जा खर्च होते, म्हणून पसरणे मंदावते, कधी अडखळते.

मग किनाऱ्यावरचा चिखल?

चिखल म्हणजे जेली नव्हे. त्याच्या कणांमधील फटी पाण्याने भरलेल्या असल्याने तेल सहसा वरच राहते आणि पुढची भरती त्यातले बरेचसे उचलते. घात करतात ती खेकड्यांची बिळे. त्यांतून तेल खाली उतरले, की प्राणवायूअभावी वर्षानुवर्षे तिथेच राहू शकते. तिवरांच्या श्वसनमुळांवर थर बसला, तर हवा घेणारी छिद्रे बुजून झाड गुदमरते.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सांडलेले तेल रायगडच्या किनाऱ्यावर आणि तिवरांतही पोहोचले. मासेमारीला त्याचा फटका बसला.

सफाई कशी करावी?

फावडी घेऊन चिखलात उतरणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण पायांखाली तेल आणखी खोल जाते. त्यापेक्षा कमी दाबाच्या पाण्याने ते हलकेच वर आणून शोषक पट्ट्यांनी टिपतात. थर अगदी पातळ असेल, तर तो भरती-ओहोटीवर सोडणेच बरे.