लाख कोटींचा डाव

एकावर बारा शून्ये मांडली म्हणजे जी संख्या होते, तिला इंग्रजी मोजणीत ट्रिलियन म्हणतात. आपल्या मोजणीत ती एक लाख कोटी. विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला, हाती भांडवल नसलेला एक जपानी तरुण आपल्या मित्राला सांगतो की, आपण दोघांनी एक लाख कोटी डॉलर कमवायचे आणि जगात जे जे हवेसे वाटेल ते ते मिळवायचे! अमेरिकेच्या ॲपल कंपनीचे बाजारमूल्य या आकड्यापर्यंत २०१८ च्या ऑगस्टमध्ये पोहोचले. टोयोटासारख्या बलाढ्य जपानी कंपनीलाही तो टप्पा त्या वेळी दूरच होता. या अचाट संकल्पावरच ‘ट्रिलियन गेम’ ही जपानी मालिका उभी आहे.

ही कथा मुळात एक चित्रकथा. रिइचिरो इनागाकी यांनी ती लिहिली आणि १९४४ साली जन्मलेले ज्येष्ठ चित्रकार ऱ्योइची इकेगामी यांनी ती रेखाटली. २०२० च्या अखेरीस ‘बिग कॉमिक सुपीरियर’ या प्रौढांसाठीच्या नियतकालिकात ती क्रमशः येऊ लागली. पुढे मॅडहाउस या संस्थेने तिच्यावरून २६ भागांची चित्रमालिका, म्हणजे ज्याला आपल्या घरातील मुले ‘ॲनिमे’ म्हणून ओळखतात ती, तयार केली आणि ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात ती जपानी दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. दिग्दर्शक युझो सातो यांनी यापूर्वी ‘कैजी’ आणि ‘अकागी’ या जुगाऱ्यांच्या जगातील मालिका केल्या होत्या. या वेळी त्यांच्या हाती आला तो व्यापाराचा पट.

कथेचे नायक दोन. हारू हा वाक्चतुर, धाडसी, कोणाच्याही मनात सहज शिरणारा. मानाबू हा संगणकविद्येत निष्णात, परंतु चार माणसांत तोंड उघडायचे तर घाम फुटणारा. ‘मानाबू’ म्हणजे शिकणे. त्याच चिनी अक्षराचा दुसरा उच्चार ‘गाकू’, म्हणून मित्र त्याला गाकू म्हणतो. ‘ड्रॅगन बँक’ या मोठ्या कंपनीत हारूची निवड होते आणि गाकूला नकार मिळतो. हे कळताच हारू हातची नोकरी सोडून मित्राला घेऊन स्वतःची कंपनी काढतो. धंदा कोणता करायचा हे ठरण्यापूर्वीच कंपनी निघते. बाजारात तुरी, असा हा प्रकार!

या नकाराचे मोल कळण्यासाठी जपानची रीत ठाऊक असली पाहिजे. तेथे विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षांत सारे विद्यार्थी एकाच सुमारास, एकसारखे काळे सूट घालून मुलाखतींना हिंडतात. एप्रिलमध्ये नव्या उमेदवारांची अख्खी तुकडी एकदम कामावर रुजू होते. ही गाडी एकदा चुकली की चांगली कायम नोकरी मिळणे फार अवघड होऊन बसते. नोकरी म्हणजे जन्मभराचे लग्न, ही समजूत तेथे दीर्घकाळ होती. १९८३ मध्ये सुरू झालेल्या केन्शी हिरोकाने यांच्या ‘शिमा कोसाकू’ या गाजलेल्या चित्रकथेचा नायक एकाच कंपनीत पायरीपायरीने चढत अखेर अध्यक्ष होतो. त्या पिढीचे स्वप्न ते होते. १९८९ च्या डिसेंबरात टोकियो शेअरबाजाराच्या निक्केई निर्देशांकाने ३८,९१५ ची पातळी गाठली आणि मग तो असा कोसळला की, ती पातळी पुन्हा ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. मधल्या चौतीस वर्षांत ते लग्न पुष्कळांच्या वाट्यालाच आले नाही. हारूची मगरुरी जपानी तरुणांना का सुखावते, याचे उत्तर येथे सापडते.

हारूचे मुख्य शस्त्र म्हणजे ‘हत्तारी’. अंगी नसलेले बळ असल्याचा आव आणून समोरच्याला दिपविणे, याला जपानीत हा शब्द आहे. धनिकांसमोर हारू बेधडक शब्द देऊन बसतो आणि मग गाकू रात्ररात्र जागून तो शब्द खरा करतो. पुढे कंपनीच्या अध्यक्षपदी बसविली जाते ती रिन नावाची तरुणी. नोकरी शोधणारी, नियमांना काटेकोर. थापाड्या, कारागीर आणि सचोटीची राखणदार अशी ही त्रयी आहे.

जपानने असाच एक डाव प्रत्यक्षातही पाहिला आहे. ताकाफुमी होरिए या तरुणाने टोकियो विद्यापीठात शिकत असतानाच १९९६ मध्ये संगणकक्षेत्रातील एक लहान कंपनी काढली. तीच पुढे ‘लाइव्हडोअर’ या नावाने गाजली. होरिए टाय न बांधता, साध्या टी-शर्टात सभांना जाई. शेअरचे पुनःपुन्हा तुकडे पाडून त्याने ते विद्यार्थ्यांना आणि गृहिणींनाही परवडतील असे केले. २००५ मध्ये त्याने निप्पॉन रेडिओ कंपनीचे शेअर गोळा करून तिच्यामार्फत बलाढ्य फुजी टेलिव्हिजनलाच हात घातला, तेव्हा जुने उद्योगपती हादरले आणि तरुणांनी त्याला डोक्यावर घेतले. पण १६ जानेवारी २००६ रोजी कंपनीवर छापा पडला. दोन दिवसांत विक्रीचा असा लोंढा आला की, टोकियो शेअरबाजाराला यंत्रणेवरील ताणामुळे व्यवहार वेळेआधीच थांबवावे लागले. २३ जानेवारीस होरिएला अटक झाली. तोटा झालेल्या वर्षी सुमारे ५ अब्ज येनचा नफा दाखविल्याचा ठपका न्यायालयाने ठेवला आणि २००७ मध्ये अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. अपील फेटाळले गेल्यावर २०११ मध्ये तो तुरुंगात गेला. दरम्यान २००६ च्या एप्रिलमध्येच शेअरबाजाराच्या यादीतून कंपनीचे नाव गेले होते आणि त्या गृहिणींच्या हाती शेअरची जवळजवळ निरुपयोगी कागदे उरली होती.

हारू आणि होरिए या दोघांची महत्त्वाकांक्षा एकाच जातीची. फरक आहे तो थापेच्या काळाचा. हारू बहुतेक वेळा उद्याविषयी बोलतो आणि उद्याची बढाई कष्टाने खरी करता येते. गाकूच्या जागरणाला अर्थ आहे तो त्यामुळेच. लाइव्हडोअरने सरलेल्या वर्षाविषयी खोटे लिहिले. सरलेल्या वर्षाचा तोटा कोणत्याही गाकूने कितीही रात्री जागून भरून निघत नाही.

तथापि मालिका हा फरक नेहमीच राखते असे नाही. हारूची चलाखी नियमांच्या काठावरून चालते, कधी त्यापलीकडेही पाऊल टाकते आणि दर वेळी लेखक त्याला अलगद उचलून सुखरूप उभे करतो. शिवाय लाख कोटी डॉलर मिळाल्यावर करायचे काय, याचे हारूजवळ ‘सारे काही हवे’ याहून निराळे उत्तर नाही. पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या पदरी चाकरीसाठी या गावांत येऊन स्थिरावले. नेमणुकीच्या कागदाला आपल्या घरांत आजही देव्हाऱ्याखालोखाल मान आहे. तेव्हा एखाद्या घरातला मुलगा किंवा मुलगी ही मालिका पाहून ‘मी नोकरी करणार नाही’ म्हणाली, तर वडीलमंडळींचा जीव घाबरा होणे स्वाभाविकच. अशा वेळी मालिका बंद करायला सांगण्यापेक्षा चार भाग मुलांसोबत बसून पाहावेत आणि दोनच प्रश्न विचारावेत : हारूने दिलेला हा शब्द खरा करून दाखविणारा गाकू तुमच्याजवळ कोण आहे? आणि तो खरा झाला नाही, तर पैसा कोणाचा बुडेल? ज्या मुलाजवळ या दोहोंची उत्तरे असतील, त्याला नेमणुकीच्या कागदाची वाट पाहायला लावण्याचे कारण नाही.