आकस्मिक बाधिर्य : कानाचे की रक्ताचे?

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 28 कर्णरोग वर्णिले आहेत. त्यांतील कर्णनाद व बाधिर्य यांचे रुग्ण खान्देशातील प्रत्येक वैद्याच्या परिचयाचे आहेत. बहुधा वार्धक्य, मळ, कर्णस्राव वा गोंगाट हेच कारण सापडते. क्वचित मात्र मूळ कानात नसून रक्तात असते. त्या दुर्मीळ शक्यतेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या जीर्ण रक्तकर्करोगात श्वेतपेशींची संख्या अतोनात वाढते. निरोगी प्रौढात ती प्रति घन मिलिमीटर 4,000 ते 11,000 असते. येथे ती 1 लाखापलीकडे जाऊ शकते. रक्त दाटते व सूक्ष्म वाहिन्यांतील प्रवाह मंदावतो. अंतर्कर्णाची धमनी अत्यंत बारीक असून तिला पर्यायी मार्ग जवळजवळ नाही. तेथे अवरोध वा रक्तस्राव झाल्यास काही तासांत वा दिवसांत एक किंवा दोन्ही कान बधिर होतात. कधी हेच व्याधीचे प्रथम लक्षण ठरते. आपल्या परिभाषेत यास स्रोतोरोध म्हणता येईल. परंतु कर्णपूरणाचे तेल पडद्यापलीकडे पोहोचत नाही.

अशा रुग्णाचे उदरपरीक्षण अवश्य करावे. प्लीहावृद्धी, थकवा, वजन घटणे, रात्री घाम येणे व अंधुक दृष्टी ही सूचक लक्षणे होत. चोपडा, यावल, शिरपूर या सातपुड्यालगतच्या तालुक्यांत वाढलेली प्लीहा पाहून हिवताप वा सिकलसेल आठवतो, ते योग्यच आहे. सिकलसेलमध्येही श्रवणशक्ती बाधित होऊ शकते. म्हणून निर्णय रक्तपरीक्षणानेच व्हावा.

कानात मळ नाही, पडदा निर्दोष आहे आणि कपाळावर ठेवलेल्या ट्यूनिंग फोर्कचा नाद चांगल्या कानात अधिक ऐकू येतो, असे आढळल्यास बाधिर्य नाडीजन्य समजावे. त्याच दिवशी सीबीसी करवून रुग्णास कर्णतज्ज्ञाकडे पाठवावे. धुळे व जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. विलंबाने गेलेले श्रवण परत मिळण्याची आशा घटते.

मूळ व्याधी आज असाध्य मानण्याचे कारण नाही. 2001 मध्ये इमॅटिनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील पेटंटचा दावा फेटाळल्याने भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. बहुसंख्य रुग्णांचा रोग दीर्घकाळ ताब्यात राहतो. या गोळ्या चालू असता कोणताही कल्प रक्तरोगतज्ज्ञास कळवूनच द्यावा.

औषधविक्रेत्यांनीही कानाचे तेल देताना ‘ऐकू येणे केव्हापासून कमी झाले?’ एवढे विचारावे. उत्तर ‘काल-परवापासून’ असे आल्यास तेलाची बाटली न देता रुग्णास तत्काळ तपासणीस पाठवावे.