दप्तरांच्या छायाप्रतींचें घरगुती कोठार व त्याचा मदरबोर्ड

१. ऐतिहासिक कागदपत्रांच्या संग्राहकांस पूर्वी तीन शत्रु असत: वाळवी, ओल आणि वारसांची अनास्था. छायाप्रती घेण्याची सोय घरोघर झाल्यापासून त्यांत चवथ्याची भर पडली आहे. मूळ कागद धन्यास परत जातो, छायाप्रत आपल्यापाशीं राहते. आणि पुढें मूळ नष्ट झालें म्हणजे छायाप्रतीसच मुळाची योग्यता येते. ती प्रत यंत्रांत नकळत बिघडणें हा तो चवथा शत्रु होय. घरांतील सर्व संगणकांस तारेवाटें फायली पुरविणारें, डिस्कांनीं भरलेलें व अहोरात्र चालणारें जें यंत्र, त्यास नॅस म्हणतात. त्याच्या डिस्कांविषयीं सर्व जण चौकशी करितात. परंतु प्रोसेसर, रॅम व डिस्का ज्यावर येऊन मिळतात त्या मदरबोर्डाची चौकशी क्वचितच होते. ती कां व कशी करावी, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. प्रथम अनुभव नमूद करितों. कांहीं वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकानें एका वतनाच्या महजराची छायाप्रत घेऊन मूळ कागद धन्यास परत केला. पुढें जुन्या संगणकांतील सर्व फायली नव्या यंत्रांत हलविल्या. वर्षभरानें ती छायाप्रत उघडली, तों आरंभींचा मजकूर स्वच्छ. परंतु त्याखालीं, जेथें साक्षीदारांचीं नांवें व निशाण्या असावयाच्या, तेथें नुसत्या करड्या पट्ट्या. दुसरी प्रत पाहिली, तीहि तशीच. कारण ती बिघडलेल्या प्रतीवरूनच केलेली होती. धन्याकडे गेलों, तर पेटींत वाळवीची माती होती. यंत्र तपासतां डिस्का निर्दोष निघाल्या. रात्रभर रॅमची परीक्षा चालविली तेव्हां एका पट्टींत दोष सांपडला. त्या वतनाचे साक्षीदार कोण, हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं.

३. हें कसें घडतें तें पाहूं. फाईल एका डिस्केवरून दुसरीवर जातांना रॅममधून जाते. तेथें एकाचें शून्य झालें, तर नवी डिस्क तें शून्यच इमानानें लिहून ठेवते. लेखनिकाचा प्रमाद जसा त्या पोथीवरून उतरलेल्या सर्व पोथ्यांत शिरतो, तसाच हा प्रकार. प्रतिमा असंकोचित टिफ प्रकारची असेल, तर एका अंकाच्या फरकानें बहुधा एकच ठिपका बिघडतो. जेपेग प्रकारांत पुढील अंकांचा अर्थ मागील अंकांवर अवलंबून असल्यामुळें एका चुकीपासून खालचा सर्व भाग विस्कटूं शकतो. म्हणून मूळ छायाप्रत टिफमध्यें ठेवावी, हा पहिला नियम. परंतु केवळ त्यानें मूळ रोग जात नाहीं.

४. जुन्या खतांत रकमेपुढें तिचे निमे लिहून दुपटीनें ती पुरी करून दाखवीत. आंकडा पुसला किंवा कोणीं बदलला, तरी निम्म्यावरून चूक पकडतां येई. ई.सी.सी. म्हणून जी रॅम मिळते तिचें तत्त्व याच जातीचें आहे. सामान्यतः ६४ अंकांमागें ती ८ पडताळ्याचे अंक अधिक ठेवते. त्यांवरून एका अंकाची चूक आपोआप दुरुस्त होते आणि दोन अंकांची चूक निदान उघडकीस येते. या विद्येचा पाया रिचर्ड हॅमिंग यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत घातला. रॅमच्या चुका विरळा असतात, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु गूगलच्या यंत्रसमूहाची सुमारें अडीच वर्षें पाहणी करून २००९ सालीं जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यांत वर्षाकाठीं शेंकडा ८ हून अधिक रॅमपट्ट्यांत चुका आढळल्या.

५. येथेंच मदरबोर्डाचा प्रश्न उपस्थित होतो. ई.सी.सी. चा लाभ मिळण्यास प्रोसेसर, मदरबोर्ड व रॅम या तिन्हींची मान्यता लागते. एक फितूर झाला कीं सर्व व्यर्थ. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीच्या पुष्कळ कोअर प्रोसेसरांत हा गुण आहे, परंतु तो उपयोगांत येण्यास डब्ल्यू ६८० सारखा चिपसेट असलेला बोर्ड लागतो. नेहमींच्या घरगुती बोर्डावर तो निजलेलाच राहतो. ए.एम.डी.च्या पुष्कळ रायझन प्रोसेसरांत ही सोय आहे, पण ती चालू करणें बोर्डकर्त्याच्या इच्छेवर असतें. शिवाय रायझन ५ ५६०० जी यांत ती नाहीं, आणि त्याच्याच प्रो नांवाच्या भावंडांत आहे. सबब विक्रेत्याच्या तोंडी ग्वाहीवर न जातां बोर्डाची पुस्तिका व तिच्या सोबतची मान्य रॅमची यादी वाचावी. 'ई.सी.सी. रॅम बसते' आणि 'ई.सी.सी. चालते' हीं दोन निरनिराळीं विधानें आहेत; पहिल्यावरून दुसरें सिद्ध होत नाहीं. तसेंच डी.डी.आर. ५ रॅमच्या चकतीच्या पोटांत जी दुरुस्ती होते, ती रॅम व प्रोसेसर यांमधील वाटेचें रक्षण करीत नाहीं. तीस पूर्ण ई.सी.सी. समजूं नये. मोठ्या सर्व्हरांतून काढलेली रजिस्टर्ड रॅम स्वस्त मिळते, पण ती सामान्य बोर्डावर चालत नाहीं.

६. यानंतर डिस्कांच्या मुखांची संख्या. तीस संग्रहाचा हिशेब आधार असावा. ए-४ आकाराच्या एका पृष्ठाची, इंचास ४०० ठिपक्यांची, असंकोचित रंगीत प्रतिमा सुमारें ४६ मेगाबाइटांची होते. एका रुमालांत १००० कागद धरून दोन्ही बाजू घेतल्या, तर २००० प्रतिमांस सुमारें ९२ गीगाबाइट लागतात. असे ५० रुमाल म्हणजे ४.६ टेराबाइट. वाढीस जागा ठेवून ८ टेराबाइटांच्या दोन डिस्का, एकीचें प्रतिबिंब दुसरीवर, अशी मांडणी अशा संग्रहास पुरते. तरी बोर्डावर चार ते सहा सॅटा मुखें असावीं, म्हणजे पुढें बोर्ड न बदलतां दुसरी जोडी लावतां येते. मुखें मोजतांना पुस्तिकेंतील बारीक टीप अवश्य पाहावी: पुष्कळ बोर्डांवर एम.२ खांचेंत कांहीं बसविलें कीं एक किंवा दोन सॅटा मुखें बंद पडतात. एक पूर्ण लांबीची पीसीआय एक्सप्रेस खांच मोकळी असल्यास तींत आठ डिस्कांचें जोडकार्ड मागाहून घालतां येतें. मात्र एकाच सॅटा मुखास अनेक फांटे फोडणारें साधन घेऊं नये. एक डिस्क अडली कीं तिच्या सोबतच्याहि अडकतात.

७. बोर्डावर छापलेल्या 'रेड' या शब्दास भुलूं नये. बोर्डाच्या आधारें बांधलेला डिस्कांचा समूह त्याच जातीचा बोर्ड न मिळाल्यास वाचणें अवघड होतें. म्हणजे दप्तराची किल्ली कुलपांतच अडकली. त्यापेक्षां झेड.एफ.एस. सारखी फाईलव्यवस्था योजावी. ती प्रत्येक खंडाचा पडताळा स्वतंत्र ठेवते, बिघडलेला खंड ओळखते व प्रतिबिंबावरून सुधारते. आणि बोर्ड मेला तरी डिस्का दुसऱ्या कोणत्याहि बोर्डावर नेऊन वाचतां येतात. बोर्ड मरतातच. ३१ जानेवारी २०११ रोजीं इंटेलनें स्वतःच जाहीर केलें कीं, त्या वर्षीं नुकत्याच बाजारांत आलेल्या ६ मालिकेच्या चिपसेटांतील कांहीं सॅटा मुखें काळान्तरानें क्षीण होऊं शकतात. आणि माल परत घेतला. थोर घराण्याचा कागदहि पारखूनच घ्यावा लागतो, हें आपल्या वर्गास नव्यानें सांगावयास नको.

८. राहिलेल्या बाबी गौण, तरी हिशेबांत घ्याव्या अशा आहेत. एक गीगाबिटाची तार सेकंदास फार तर १२५ मेगाबाइट नेते, अडीच गीगाबिटांची सुमारें ३१२. एकट्या संशोधकास पहिली पुरते. वीज मात्र दररोज लागते: ३० वॉटचें यंत्र वर्षभर चालल्यास सुमारें २६३ युनिटें होतात. याच कारणानें २०२३ सालीं निघालेल्या इंटेलच्या एन १०० प्रोसेसराचे बोर्ड लोकप्रिय आहेत. परंतु त्यांत ई.सी.सी. रॅमपट्टीची सोय नाहीं आणि पीसीआय एक्सप्रेसच्या वाटा अवघ्या ९ आहेत. ज्या छायाप्रतींचें मूळ सुखरूप आहे, त्यांस तो चालेल; ज्यांचें मूळ गेलें, त्यांस नव्हे. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० मिलिमीटर चौरस असतो व लहान पेटींत मावतो. मायक्रो-एटीएक्स बहुधा २४४ मिलिमीटरांचा, पण त्यावर खांचा अधिक मिळतात. जागा असल्यास दुसरा घ्यावा. यंत्र परगांवच्या वाड्यांत ठेवावयाचें असल्यास दुरून चालू-बंद करण्याची सोय असलेला सर्व्हर जातीचा बोर्ड उपयोगी पडतो.

९. तात्पर्य, प्रथम ई.सी.सी., मग मुखें, मग मोकळी खांच, आणि सरतेशेवटीं वेग व वीज, असा निवडीचा क्रम ठेवावा. बोर्ड आणल्यावर एक अहोरात्र रॅमची परीक्षा घ्यावी आणि मगच त्यावर दप्तर सोंपवावें. महिन्यांतून एकदां सर्व खंडांचा पडताळा करवावा. इतकें करूनहि एक प्रत दुसऱ्या घरीं, शक्य तर दुसऱ्या गांवीं, असलीच पाहिजे. कारण आग, पूर आणि चोर यांस कोणताहि बोर्ड आवरीत नाहीं. ज्यांनीं आपल्या संग्रहाच्या छायाप्रती एकदांच घेऊन ठेवून दिल्या आहेत, त्यांनीं आजच दहा-पांच फायली उघडून शेवटच्या ओळीपर्यंत पाहाव्या. मूळ कागद जोंवर कोणाच्या तरी पेटींत आहे, तोंवरच ही चूक दुरुस्त होण्यासारखी आहे.