पुढचे चाक बसविताना घ्यावयाची दक्षता

गोव्यात मोटारसायकल हे केवळ खासगी वाहन नाही. पिवळा मडगार्ड लावलेल्या ‘पायलट’ची ती उपजीविका असून मागे बसणारा प्रवासी त्याच्याच भरवशावर असतो. म्हणून टायर बदलल्यानंतर पुढचे चाक बिनचूक बसविणे अगत्याचे आहे.

प्रथम टायरवरील बाण चाक फिरण्याच्या दिशेस आहे, हे पाहावे. अ‍ॅक्सल पुसून त्यास ग्रीसचा पातळ थर द्यावा व बुश पूर्वीच्याच बाजूस बसवावा. ड्रम ब्रेक असल्यास फोर्कवरील उंचवटा ब्रेक-प्लेटच्या खाचेत अडकलाच पाहिजे. तो सुटा राहिल्यास ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल ओढली जाते आणि चाक जागीच अडकून स्वार फेकला जातो.

नट आधी हलकाच लावावा. नंतर ब्रेक दाबून धरून तो पक्का आवळावा, म्हणजे प्लेट मध्यावर राहते. फोर्कच्या टोकाशी अ‍ॅक्सल धरणारा बोल्ट असल्यास, फोर्क चार-पाच वेळा दाबून सोडल्यावर तो सर्वांत शेवटी आवळावा. स्प्लिट पिन नेहमी नवी वापरावी. डिस्क ब्रेकच्या गाडीत चाक बाहेर असताना लिव्हर दाबू नये. चाक बसल्यावर मात्र तो कडक लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबावा.

चाक मोकळे फिरते व ब्रेक नीट लागतो, याची रिकाम्या रस्त्यावर संथ गतीने खात्री करावी आणि त्यानंतरच प्रवासी घ्यावा.